ओल्या बर्फाची साक्ष

धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे नाही. त्यासाठी सरपण ओले असावे लागते. नियमाआड दडलेल्या अशा अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कज्ञ, उपाधी म्हणत. आर्क्टिकमधल्या सागरी बर्फाची जाडी रडारने मोजताना दर उन्हाळ्यात हीच अडचण उभी राहते, आणि तिथेही प्रश्न ओलीचाच असतो.

२०१० साली सोडलेला युरोपीय क्रायोसॅट-२ उपग्रह सुमारे सातशे किलोमीटरवरून रडारचे स्पंद खाली पाठवतो. थंडीत बर्फाच्या भेगांतले शांत पाणी लख्ख प्रतिध्वनी देते, खडबडीत बर्फ पसरट. दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे पाण्यावर आलेला बर्फ. घनता आणि वरच्या हिमाचे वजन धरून त्यावरून जाडी काढतात. उन्हाळ्यात मात्र बर्फावरच वितळलेल्या पाण्याची तळी साचतात आणि तीही तशीच लख्ख दिसतात. ‘लख्ख आहे, म्हणजे समुद्र आहे’ हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सव्यभिचारी ठरतो: खूण दिसली तरी समुद्र असेलच असे नाही. म्हणून बर्फ सर्वाधिक झपाट्याने वितळतो त्याच महिन्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे कोऱ्या राहिल्या. २०२२ मध्ये जॅक लँडी व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये बारमाही जाडी प्रसिद्ध केली. भेग कोणती आणि बर्फ कोणता, हे त्यांनी शिकवलेल्या संगणकीय जाळ्याकडून ओळखवून घेतले.

यावर आक्षेप असा की जाळ्याला आपला हेतू शब्दांत सांगता येत नाही. मग हे ज्ञान कसले? आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाही. ज्ञानाचे प्रामाण्य त्याच्या पोटातच असते, हे मीमांसकांचे, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या विचारवंतांचे, मत. न्यायमतात ते बाहेरून, पडताळ्याने ठरते. इथे पडताळा आहे: ब्यूफोर्ट समुद्रात नांगरलेली सोनार यंत्रे बर्फाकडे खालून पाहतात. त्या यंत्रांना कोण तपासणार, असे विचारत गेलो तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, येते खरी. पण वरच्या तळ्यांचा चकवा सोनारला बसत नाही. ज्यांच्या चुकांची मुळे वेगळी, असे दोन साक्षीदार जुळले तर संशय धरून बसायला कारण लागते. नुसती शक्यता पुरत नाही.

तरीही एक मर्यादा उरते. तळी भोवतालच्या बर्फापेक्षा सखल असतात, त्यामुळे उंची कमी भरते आणि ती दुरुस्ती गणिती प्रतिरूपावर विसंबते. शिवाय सोनार मोजक्याच ठिकाणी आहेत. इतरत्र आपण अनुमानच करतो. माझ्या मते ते अनुमान प्रमाण मानावे, पण उन्हाळी जाडीचा आकडा त्याच्या अनिश्चिततेशिवाय कुणी छापू नये आणि वाचकानेही तो तसा स्वीकारू नये.