मधली बी

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजच्या दोन श्लोकांत भगवंत अर्जुनाला अगदी रोजच्या जगण्यातली गोष्ट सांगतात. जो अती खातो त्याला योग साधत नाही, आणि जो काहीच खात नाही त्यालाही नाही. जो सारखा झोपतो त्याला नाही, आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. ज्याचं खाणं-पिणं, फिरणं, काम, झोप, जागणं सगळं मापात, त्याचाच योग दुःख दूर करतो.

हे वाचलं की मला नेवाशाच्या शाळेतला जीवशास्त्राचा तास आठवतो. बाईंनी एका पट्टीला घेवड्याच्या तीन बिया बांधल्या. एक वर, एक मध्ये, एक खाली. पट्टी काचेच्या ग्लासात उभी केली आणि मधली बी अर्धी बुडेल एवढंच पाणी ओतलं. काही दिवसांनी मधलीला मोड आला. वरची कोरडी, जशीच्या तशी. खालची फुगली आणि नंतर तिला वास यायला लागला.

आम्हाला वाटलेलं, जिला सगळ्यात जास्त पाणी तीच आधी रुजणार! बाई म्हणाल्या, "अरे, बीसुद्धा श्वास घेते. मोड यायला तिला ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा हजारो पटींनी हळू पोचतो. हिला पाणी कमी पडलं नाही. ही गुदमरली."

मागच्या वर्षी मी ती खालची बी झाले होते. पुण्यात नोकरी, ऑफिसात रात्री अकरापर्यंत काम. तरी हट्टाने पहाटे चारला उठून ज्ञानेश्वरीचं पारायण, वर निर्जळी उपास. एका सकाळी आईचा फोन आला, "जेवतेस ना गं वेळेवर?" मी ओरडले, "वाचन चाललंय माझं, कळत नाही का तुला?" तिने काही न बोलता फोन ठेवला. समोर नेमका सहावा अध्याय उघडा होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माऊलींनी तो आमच्याच गावात, प्रवरेकाठी, पैसाच्या खांबापाशी उलगडून सांगितला. ओव्या मी भराभर वाचत होते, पण आत काही पोचत नव्हतं.

मग लाज वाटून पोथीच बंद केली. सात महिने. आता मी वरची बी. मनाने पक्कं धरलं, आपली भक्ती वाळून गेली.

पण त्या तासाचा शेवट मी विसरले होते. बाईंनी ती कोरडी बी सोडली आणि मधल्या जागी बांधली. थोड्याच दिवसांत तिलाही मोड आला! ती मेली नव्हती, थांबली होती. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. ते बियाणंही कोरडंच ठेवावं लागतं. कोरडेपणातच ते पावसाची वाट बघत जिवंत राहतं. मात्र कायमचं नाही. बियाणं जुनं होत जातं, म्हणून वेळेत पेरावंच लागतं.

हे आठवलं त्या दिवशी आधी आईला फोन केला, माफी मागितली. "जेवलीस का?" हे यावेळी मी विचारलं. आता रोज रात्री जेवण झाल्यावर पाच ओव्या, अर्थासकट, आणि मग झोप. एवढंच.

तुमच्यातलं कोणी सध्या बुडालेलं असेल, तर आज एक गोष्ट कमी करा. साधना असली तरी चालेल. कोणी कोरडं पडलं असेल, तर स्वतःला मेलेलं समजू नका. पाण्याला नुसतं टेका. उद्यावर मात्र ढकलू नका.

जय हरी!