उत्तम आणि आपले

उत्तम वस्तू सहज हाती असताना मनुष्याने सामान्य वस्तूसाठी वेळ का खर्चावा? प्रश्न जुना आहे, आणि साहित्यात व कलेत तो वारंवार उपस्थित होतो. येथे आम्ही तो फुटबॉलच्या मैदानावर नेत आहोत. कारण जेथे श्रेष्ठ कोण हे गोलांच्या संख्येने ठरते, तेथे शब्दांच्या आड लपता येत नाही.

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ संघ खेळतात. त्यांच्याखाली पायरीपायरीने उतरत गेलेला जो शेकडो संघांचा विस्तार, त्याला तेथे ‘नॉन-लीग’ असे म्हणतात. आठवड्याअखेरच्या सुटीत तेथील एका लहान गावी असा सामना आम्ही पाहिला. एका कडेला बाकांवर घातलेले छप्पर, दुसऱ्या कडेला चहाचे दुकान, आणि मैदानाभोवती फार तर दोन-अडीचशे माणसे. तिकिटे देणारे, रेषा आखणारे, चहा ओतणारे सारे गावातलेच आणि बिनपगारी. खेळाडूंनाही सोमवारी आपापल्या कामावर जावयाचे होते. खेळ, खरे सांगावयाचे तर, बेताचाच होता.

मग लोक तेथे का जातात? कोणी म्हणेल, सवयीने. कोणी म्हणेल, दुबळ्याविषयीच्या कणवेने. ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. सवय सुटू शकते, आणि कणव करणारा नकळत वरच्या आसनावर बसतो. तो एकदा येतो, कौतुक करतो आणि निघून जातो. त्या मैदानावर वर्षानुवर्षे भिजत उभा राहणारा मनुष्य मात्र संघावर रागावतो, त्याला दोष देतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतो. ही दया नव्हे. हे नाते आहे.

या नात्याचे बळ विंबल्डनने दाखविले. सन १९८८ मध्ये इंग्लंडचा मानाचा चषक जिंकणारा हा संघ सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स येथे हलविण्यास २००२ साली परवानगी मिळाली. कायद्याने संघ मालकाचा होता. तेव्हा पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा संघ उभा केला, आणि तो कितीतरी पायऱ्या खालच्या स्पर्धेत उतरविला. लीगमधील संघ सोडून ते लीगबाहेरच्या संघामागे गेले. केवळ उत्तमाची आस असती तर त्यांनी असे केले नसते. पुढे २०११ साली तो संघ लीगमध्ये पोहोचला. पण तो पोहोचला नसता तरी त्यांचा निर्णय चुकीचा ठरला नसता, असे आमचे मत आहे.

तथापि नाते म्हणजे गुणांकडे पाठ फिरविणे नव्हे. लहानाला न्याय हवा असतो, सूट नको असते. १९८७ पूर्वी खालच्या संघाने कितीही पराक्रम केला तरी वरच्या संघांनी मते दिल्यावाचून त्याला लीगचे दार उघडत नसे. त्या वर्षी स्कारबरो हा संघ केवळ आपल्या विजयांच्या बळावर आत आला. दार उघडे असणे, हा न्यायाचा एक भाग झाला.

दुसरा भाग संयमाचा आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवीत नाहीत. मोठ्या संघांचा खेळ घरबसल्या दिसू लागल्यास लहान मैदाने ओस पडतील, हे त्यामागील कारण. यात पाहणाऱ्याच्या स्वातंत्र्यास बाध येतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या निवडीमुळे दुसरी निवडच उरणार नाही, ती निरंकुश असावी काय?

कारण येथे एक साधा भेद आहे. सत्तर हजारांच्या समुदायात आपण नसलो तर काही बिघडत नाही. उत्तम आपल्यावाचूनही उत्तमच राहते. दोनशे माणसांत मात्र आपली रिकामी जागा दिसते, आणि आपल्या तिकिटाच्या पैशांवाचून पंचाचे मानधन अडते. उत्तमाने आपणास आनंद द्यावा. जे आपले आहे त्याला मात्र आपणच हजेरी द्यावयाची असते. पहिल्या ठिकाणी आपण रसिक असतो, दुसऱ्या ठिकाणी उत्तरदायी.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. मुंबई-पुण्याचे उत्तम नाटक आज हातातील यंत्रावर दिसते. आपल्या शहरातील मंडळाचे नाटक त्याच्या तोडीचे नसेल. नेपथ्य डगमगेल, एखादा नट वाक्य विसरेल. उत्तम पाहण्यास कोणाचीच मनाई नाही. पण मंडळाच्या नाटकाला पहिल्या रांगेतील किती खुर्च्या रिकाम्या राहाव्यात, हे मुंबई-पुणे ठरवीत नाही. ते आपण ठरवितो.