खांब जागचा हललेला नाही

इंग्लंडमधल्या केंब्रिजशर परगण्यात होम फेन नावाची जुनी दलदल आहे. तिथल्या बर्चच्या झाडीत एक लोखंडी खांब उभा आहे. १८५१ मध्ये तो रोवला तेव्हा त्याचं डोकं जमिनीच्या बरोबरीला होतं आणि बूड पीटच्या काळ्या थराखालच्या घट्ट चिकणमातीत. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. खांब वर आलेला नाही. भोवतालची जमीन खाली गेली.

त्याच वर्षी शेजारचं व्हिटलसी मिअर हे विस्तीर्ण सरोवर शेतीसाठी कोरडं केलं गेलं. लंडनच्या महाप्रदर्शनात गाजलेला ॲपोल्डचा पंप तिथे लावला, तळ उघडा पडला आणि त्यावर धान्य डोलू लागलं. पाणी गेलं की जमीन बसणार, याची जमीनदार विल्यम वेल्स यांना कल्पना होती. खांब पुरला तो त्यासाठीच. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. नुकसान आधीच कळलं होतं, ते मोजायची सोयही झाली होती, तरी उपसा थांबला नाही.

पीट म्हणजे पाण्याखाली हवेवाचून अर्धवट कुजलेलं गवत आणि शेवाळ. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचतं. म्हणजे चार मीटरांना चार हजार वर्षं धरा! पाणी काढलं की हा थर आधी आकसतो. मग हवा आत शिरते, हजारो वर्षं अडलेलं कुजणं सुरू होतं, साठलेला कार्बन वातावरणात जातो आणि उरलेली भुकटी वाऱ्यावर उडते. जमीन बसली की चर उथळ पडतात. ते आणखी खोल खणायचे, पंप वाढवायचे. मग पाणी आणखी उतरतं आणि जमीन आणखी बसते. होम फेनचा काही भाग आता समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेतीन मीटर खाली आहे.

२००१ पासून तिथे 'ग्रेट फेन' प्रकल्प चालू आहे. होम फेन आणि वुडवॉल्टन फेन ही दोन उरलेली राखीव क्षेत्रं जोडून सुमारे ३,७०० हेक्टर जमीन पुन्हा ओली करायची, हा त्याचा संकल्प. चर अडवायचे, पाणी जमिनीच्या तोंडाशी आणून ठेवायचं. काही तुकड्यांत पाणकणीस आणि शेवाळ अशी ओल्यातली पिकं घेऊन पाहिली जात आहेत. हे मला पटतं, कारण पाणी परत आणताना शेतकऱ्याच्या हाताला काम उरलंच पाहिजे. गेलेले चार मीटर मात्र आपल्या हयातीत भरून येणार नाहीत. वाचेल ते उरलेलं.

आपल्याकडची माती पीटची नाही, तिचा हिशेब वेगळा. पण सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जागेपुढे आपण 'पोटखराब' लिहितो. त्या शब्दाने जमिनीलाच दोषी ठरवलं आहे. तुमच्या शेताच्या कडेला अशी एखादी पाणथळ असेल, तर मुरमाचा ट्रॅक्टर बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा. तिथे कोणते पक्षी उतरतात आणि आसपासच्या विहिरींना पाणी किती दिवस टिकतं, ते स्वतः जाऊन पाहा.