छंद आणि अमानत

आपल्या घरांतून दोन गोष्टींवरून फार बोलणी खावी लागतात. एक, मांजरावर जीव लावणे. दुसरी, बाजारात शंभर ठिकाणी तयार मिळणारी वस्तू महिनोन्‌महिने हाताने करत बसणे. दोन्ही खटल्यांत आम्ही आरोपी आहोत. गेली तीस वर्षे आम्ही गोधड्या शिवतो, क्रोशाने टोप्या आणि रुमाल विणतो, आणि घरात या घडीला तीन मांजरे आहेत. नोकरी होती तोवर याला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणत. निवृत्तीनंतर तोच उद्योग 'रिकामपणा' ठरला.

आरोपही ठरलेले आहेत. माणसांची लेकरे उपाशी निजतात आणि तुम्ही मांजराला बांगडा घालता! एवढ्या वेळात चार पारे तिलावत झाली असती! पहिला आरोप बहुधा शेजारून येतो, दुसरा नात्यातून. पहिल्यावर चुरचुरीत उत्तर देता येते. हा प्रश्न विचारणारे लोक उपाशी लेकरांच्या दारी फारसे दिसत नाहीत, आणि जो उपाशी लेकराला घास देतो त्याच्या अंगणात मांजरही सहसा बसलेले असते. पण दुसऱ्याचा दांभिकपणा दाखवून आपला हिशेब चुकता होत नाही. वेळ, पैसा आणि माया या तिन्ही अमानती आहेत आणि त्या कुठे खर्चल्या हे विचारले जाणार, असे आपण मानतो. मग ज्याचा 'उपयोग' नाही अशा गोष्टींवर त्या खर्च करणे हा इसराफ आहे का? प्रश्न खरा आहे, आणि तो हसून टाळण्याजोगा नाही.

आम्हाला या बाबतीत कुरआनमधील सूरह नहलच्या सुरुवातीच्या आयती नेहमी आठवतात. पाचव्या आयतीत जनावरांपासून मिळणारी ऊब, इतर फायदे आणि अन्न यांचा उल्लेख आहे. सातवीत ती दूरच्या गावी ओझी वाहून नेतात असे सांगितले आहे. ही झाली उपयोगाची बाजू. मधल्या सहाव्या आयतीत मात्र उपयोगाचा शब्दच नाही. संध्याकाळी गुरे परत आणताना आणि सकाळी चरायला सोडताना त्यांच्यात तुमच्यासाठी सौंदर्य आहे, एवढेच तिथे म्हटले आहे. आठवीत घोडे, खेचरे आणि गाढवे येतात, ती स्वारीसाठी आणि शोभेसाठीही. ऊब, मांस आणि ओझे यांच्या रांगेत सौंदर्यालाही जागा मिळावी, तीही शेवटी जाता जाता नव्हे तर मधोमध, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. दिवेलागणीला धूळ उडवत परतणारी गुरे ज्याने पाहिली आहेत त्याला त्यावर तफसीर लागणार नाही.

हातकामाविषयी तर आपल्या परंपरेत संकोच असण्याचे कारणच नाही. पैगंबर (स.) घरात आपले कपडे शिवीत, जोडे दुरुस्त करीत, हे ह. आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. खुद्द आयेशांच्या घरातील चित्रांचा पडदा पैगंबरांना आवडला नाही, तेव्हा तो फेकला गेला नाही. कापून त्याच्या उश्या केल्या गेल्या. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या बाईला ही गोष्ट ऐकताच आपली वाटते. आणि ह. जैनब बिन्ते जहश (र.) यांची गोष्ट तर आम्ही शिवणाच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावी अशी आहे. ज्या पत्नीचा हात सर्वांत लांब, ती माझ्यामागून प्रथम येईल, असे पैगंबरांनी सांगितले, तेव्हा साऱ्याजणी हात मोजू लागल्या. सर्वांत लांब हात ह. सौदा (र.) यांचा निघाला. पण आधी गेल्या त्या जैनब. त्या कातडे कमावीत, शिवणकाम करीत आणि मिळकत सदक्यात देऊन टाकीत. तेव्हा कुठे सगळ्यांना कळले की लांबी दानाची होती.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण छंदाचे गोडवे गाताना ती विसरली जाते. मुंबईच्या गल्ल्यांतून कारचोबावर वाकून जरदोजी करणाऱ्या कारागिराला, किंवा नगावर मजुरी घेऊन घरी काज-बटण करणाऱ्या बाईला, सुई म्हणजे छंद नसतो. तिथे डोळे जातात, पाठ जाते, आणि मजुरी वाढत नाही. आमच्यासारखी पेन्शनवर बसलेली माणसे हौसेने गोधडी करून कापडाच्या किमतीतही देऊन टाकतात, तेव्हा गिऱ्हाईक त्या बाईला म्हणते, "अमक्या इतक्या कमी पैशात देतात, तुम्हालाच का परवडत नाही?" म्हणून आम्ही नियम केला आहे. द्यायची तर तोहफा म्हणून फुकट, आणि विकायची तर पोट भरणारी बाई सांगते त्याच दराने. मधला भाव नाही.

आता मांजरांकडे वळू. मांजर आपल्या घरांत परके नाही. सर्वाधिक, म्हणजे पाच हजारांवर हदीसी ज्यांच्याकडून आल्या ते ह. अबू हुरैरा (र.) ओळखले जातात ते 'मांजरीच्या पिल्लावाले' या नावाने, घरची बकरी चारताना ते पिल्लू बरोबर नेत. ह. अबू कतादा (र.) यांच्या वुजूच्या पाण्याला मांजर तोंड लावू लागले तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी कलते केले. सून कब्शा नवलाने पाहत होती. तिला त्यांनी पैगंबरांचे सांगणे ऐकवले: मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. यावर फिकहमध्ये थोडा फरक पडला. हनफी मतात मांजराचे उष्टे पाणी पाक पण मकरूह, शाफईंकडे तेवढीही अडचण नाही. घाटावरच्या हनफी सोयऱ्यांकडे आमची कोकणी शाफई मांजरे गेली तर काय, असा विनोद आमच्या घरात चालतो.

पण प्रेमापोटी खोटे सांगू नये. पैगंबरांच्या 'मुइज्जा' नावाच्या मांजरीची गोष्ट आणि तिच्यासाठी कापलेल्या बाहीचा किस्सा आपल्याकडे दर बालसभेत सांगतात. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत तो नाही. बाहीची गोष्ट सापडते ती शेख अहमद रिफाई यांच्याविषयी. तिच्याकडे पुढे येतो.

विश्वसनीय संग्रहांत जी मांजर आहे तिची गोष्ट गोड नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, खायला घातले नाही, आणि जमिनीवरचे किडामुंगी खाऊन जगण्यासाठी सोडलेही नाही. ते मेले, आणि त्यापायी ती बाई दोजखात गेली. या हदीसचा अर्थ 'प्राण्यांवर प्रेम करा' एवढाच काढतात. आम्हाला तो अपुरा वाटतो. त्या बाईवर प्रेम न केल्याचा ठपका नाही. तिने मांजराकडे पाठ फिरवली असती, दारही उघडले नसते, तरी तिच्यावर दोष आला नसता. दोष आला तो दार लावल्यामुळे. ज्या क्षणी कोंडले त्या क्षणी खाऊ घालणे फर्ज झाले. दोन वाटा होत्या, पोसण्याची आणि सोडण्याची, आणि तिने दोन्ही बंद केल्या.

म्हणूनच 'आमचे छंद: शिवण, विणकाम, मांजरे' असे एका दमात कोणी म्हटले की आम्हाला खटकते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत लोकर आणि मांजराची पिल्ले दोन्ही आली. घरे उघडली, शाळा-कचेऱ्या सुरू झाल्या, आणि अर्धवट स्वेटर कपाटात गेले. त्यात काही वावगे नाही. लोकर वाट पाहते, तिला भूक लागत नाही. पण त्याच घरांतली काही मांजरे मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर दिसू लागली. घरात वाढलेली, ज्यांना कुत्र्यापासून पळायचेही ठाऊक नव्हते. छंद सोडण्याचा हक्क माणसाला आहे, अमानत सोडण्याचा नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला की हा फरक पुसला जातो.

आणि फरक साधा आहे. गोधडी आपले ऐकते. उसवले तर उसवते, जोडले तर जुळते, चौकोन नको झाला तर काढता येतो. हातकाम करणाऱ्याला सत्तेची सवय लागते, हे आम्ही कौतुकाने नाही, सावधगिरीने म्हणतो. मांजर ऐकत नाही. बांधलेल्या वेळेवर जेवत नाही, आपण बोलावल्यावर येत नाही, आणि आपण रडत असलो तर येऊन बसेल किंवा बसणारही नाही. सूरह अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. घरात वावरणारी दुसरी एक उम्मत, हे ध्यानात ठेवले तर 'माझे मांजर' म्हणताना जीभ थोडी अडखळते. तिच्या रंगाची, जातीची मिरवणूक काढावीशी वाटत नाही. शहरांतून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या लांब केसांच्या मांजरांविषयी तर बोलायलाच नको. मांजराची किंमत घेण्याविषयी नापसंतीची हदीस सही मुस्लिममध्ये आहे, जरी बहुतेक फकीहांनी विक्रीला मुभा दिली असली तरी.

दोऱ्याचेच पाहा. दिवाणखान्यातल्या तसबिरींत मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळताना दाखवतात. चित्र गोंडस आहे आणि धोक्याचे आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला तो थुंकता येत नाही, आतच जात राहतो. एक टोक कुठे अडकले आणि दुसरे पुढे सरकले की आतडे चुण्या घातलेल्या कापडासारखे गोळा होते आणि कापलेही जाते. मग ऑपरेशनवाचून इलाज नसतो. दोऱ्याला सुई असेल तर विचारूच नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, थेट डॉक्टरांकडे न्यायचे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक रीळ झाकणाच्या डब्यात असते, उठताना सुया मोजल्या जातात आणि दोऱ्याचा तुकडा जमिनीवर राहत नाही. भाची हसते, "खाला, तुम्ही शिवण कमी आणि पहारा जास्त करता." खरे आहे. आपल्या आवडीच्या कामावर दुसऱ्या जिवामुळे पडलेले हे बंधन आम्हाला चार उपदेशांहून अधिक शिकवून गेले.

नसबंदीचा प्रश्न याहून अवघड. हनफी ग्रंथांत फायदा असेल तर जनावराची खच्ची करण्याला परवानगी आहे. शाफई मत पुष्कळ कडक. आम्ही शाफई, पण आम्ही शस्त्रक्रिया करवून घेतली. वर्षातून दोन-तीनदा विणारी मांजरी आणि गटारात सापडणारी तिची पिल्ले पाहिल्यावर कोणते दुःख मोठे हे आम्हाला ठरवावे लागले. याबाबत आलिमांनी नव्याने लिहिले पाहिजे.

आता ती बाही. अहमद रिफाई बाराव्या शतकात इराकात होऊन गेले. ११८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा सिलसिला आपल्या कोकणपट्टीतही पोचला, रातीबच्या मजलिसींमुळे जुन्या लोकांना हे नाव ओळखीचे आहे. त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की नमाजची वेळ झाली तेव्हा त्यांच्या बाहीवर मांजर झोपलेले होते. त्यांनी बाही कापली, नमाज पढली, परत येऊन ती बाही पुन्हा शिवली, आणि काहीच बिघडले नाही असे म्हणाले. ही गोष्ट सांगणारे कापण्यापाशी थांबतात, कारण त्याग तिथे दिसतो. आमचे लक्ष शिवण्याकडे जाते. बाबा फरीदांना कोणी कात्री भेट दिली तेव्हा मला सुई द्या, मी जोडणारा आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात. रिफाईंनी कात्रीही चालवली आणि सुईही. नमाज टळली नाही, मांजराची झोप मोडली नाही आणि कपडाही वाया गेला नाही. तिन्ही हक्क अदा झाले, कारण त्या माणसाला शिवता येत होते. ज्याला शिवता येत नाही त्याला तिथे कोणाला तरी दुखवावेच लागले असते. छंदाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला आम्ही हल्ली ही गोष्ट ऐकवतो. तो पटून घेतो असे नाही.

वय झाल्यावर एक निराळा हिशेब सुरू होतो. तेराव्या शतकातले शाफई फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे हक्क नोंदवताना म्हटले आहे की जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च मालकावरच आहे. जनावर म्हातारे झाले तर काय, हे त्यांनी सांगितले. मालकच आधी गेला तर? कैरोचा सुलतान बैबर्स, त्यांचाच समकालीन, याने आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांसाठी वक्फ केली होती. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन या इंग्रजाने लिहून ठेवले की बाग हातोहात विकली जाऊन तिचे नाममात्र भाडेच उरले होते, तरी रोज दुपारी काजीच्या अंगणात मांजरांना मांस घातले जाई; बहुतेक खर्च काजीच्या खिशातून. वक्फ म्हटले की आज जमिनीचे वाद तेवढे आठवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आमच्याजवळ बाग नाही. वारस नसलेल्यांसाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, त्यातला काही भाग मांजरांच्या खाण्या-औषधाला म्हणून लिहून ठेवला आहे. गोधड्या वाटून झाल्या. कोणती कोणाची, हे प्रत्येकीच्या कोपऱ्यात टाक्याने लिहिले आहे, आणि त्यावरून थोडी भांडणेही होऊन गेली. मांजरांवरून भांडण झाले नाही. थोरलीला भाची नेईल, तिच्या घरात मुले आहेत आणि गॅलरीला जाळी बसवली आहे. काळ्या बोक्याला दूधवाल्याची बायको घेते म्हणाली, पैशाचे नाव काढू नका असेही म्हणाली. तिसरी एका डोळ्याने आंधळी आहे आणि अनोळखी माणसाच्या हातून खात नाही. तिच्याविषयी अजून कोणी हो म्हटलेले नाही. सध्या रोज संध्याकाळी भाचीला बोलावून तिच्या हातून एक घास भरवून पाहतो आहोत. काल तिने तो हुंगला.