अंतःकरण आणि लोकव्यवहार

राजकारण हा मुंबई-दिल्लीचा खेळ आणि मन ही ज्याची त्याची खासगी बाब, अशी पुष्कळांची समजूत असते. वेदान्तशास्त्राला ती मान्य नाही. अंतःकरण एकच, ते संकल्पविकल्प करते तेव्हा मन, निश्चय करते तेव्हा बुद्धी, स्मरण धरते तेव्हा चित्त, आणि 'मी, माझे' म्हणते तेव्हा अहंकार. हे चौघे माणसाबरोबर सभेला जातात, पंगतीला बसतात, मत द्यायलाही जातात. बाहेर जोड्यांजवळ थोडेच थांबतात!

आपल्या पंढरीतलेच पाहा. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी तेथे उपोषणाला बसले. मागणी एवढीच, की अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना विठोबाचे मंदिर खुले व्हावे. विरोध करणारे काही सगळे अडाणी नव्हते. पोथ्या वाचलेलेही त्यांत होते. पण त्यांची बुद्धी अहंकाराची वकील झाली होती. अशील आधी ठरलेले, आधार मागाहून धुंडायचे! शास्त्र शिकलेल्याला हा रोग जास्त जडतो, बरं का. आणि त्या अहंकाराच्या पोटात होते भय : 'हा आत आला तर माझे वेगळेपण काय उरले?' गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते, ती उगीच नव्हे. भ्यालेल्याच्या हातून न्याय होत नाही. म्हणून तर ज्या पुढाऱ्याला लोक वापरायचे असतात, तो आधी त्यांना भय घालतो.

गुरुजी मोठे हळवे. डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नसे. पण खुद्द महात्माजींनी उपोषण सोडा म्हणून कळवले, तरी ते ढळले नाहीत. हळवेपणा निराळा, भित्रेपणा निराळा. १० मे रोजी उपोषण सुटले. मंदिराची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

कायद्याने कवाड उघडले. पुढचे काम आपल्याकडे होते. एकमेकांच्या पाया पडण्याची आपली रीत हे अहंकारावरचे औषधच आहे. समोरचा कोण हे न विचारता वाकायचे. मग काला घेऊन गावी परतल्यावर पहिल्याच भेटीत 'आडनाव काय तुमचं?' हे कुठून येते? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवाराचे चारित्र्य बाजूला राहते नि 'आपला की त्यांचा' एवढेच उरते, ते का? अहो, वारीभर औषध घेतले आणि घरी येऊन पथ्य मोडले, तर वैद्याने काय करावे?

महाद्वारासमोर चोखोबारायांची समाधी आहे. यंदा तिथे माथा टेकाल तेव्हा, शेजारी कोण वाकला आहे हे जाणण्याची इच्छा उठते का, ते तपासा. उठलीच, तर आतल्या चौघांपैकी तिला कोणी उठवले, तेही पाहा.