शेजाऱ्याच्या शिक्क्यावरचा भरवसा

1993 साली युरोपात गुंतवणूक सेवांचा कायदा झाला आणि दलाली पेढ्यांच्या हाती ‘पासपोर्ट’ आला. परवाना एका देशात घ्यायचा, धंदा सगळीकडे करायचा, देखरेख मात्र मूळ देशाची. यात एक भलंमोठं गृहीतक होतं: अथेन्सचा नियामक आणि लंडनचा नियामक सारख्याच बारकाईने कागद तपासतात. तसं नसतं हे सगळेच जाणून होते. पण बोलणार कोण?

1997 मध्ये नियामकांनी आपणहून ‘फेस्को’ हा मंच उभारला. तिथे ठरलेलं पाळायची सक्ती नव्हती. 2001 मध्ये लामफालुसी समितीच्या शिफारशींनंतर त्या जागी ‘सेसर’ आली. कामाला शिस्त आली, सक्ती आली नाही. मग 2008 चं संकट. शेअर हातात नसताना विकून मंदीवर पैसे लावायचे, त्या शॉर्ट सेलिंगवर देशोदेशी वेगवेगळे निर्बंध आले. संकटाचा आढावा घेणाऱ्या द लारोझिएर अहवालाने हा विस्कळीतपणा चव्हाट्यावर मांडला आणि 2011 पासून पॅरिसमध्ये ‘एस्मा’ या युरोपीय रोखेबाजार नियामकाचा कारभार सुरू झाला. पतमानांकन संस्थांवर तिची थेट देखरेख आली. संकटकाळी शॉर्ट सेलिंग रोखण्याच्या तिच्या अधिकाराविरुद्ध ब्रिटन न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये हरलं.

इथवर ही गोष्ट चढत्या क्रमाची वाटते. वायरकार्डने तिचा तोल घालवला.

फेब्रुवारी 2019 मध्ये या जर्मन कंपनीच्या हिशेबांवर वृत्तपत्रातून संशय व्यक्त होत असताना जर्मन नियामक ‘बाफिन’ने तिच्या शेअरमध्ये नव्याने शॉर्ट सेलिंग करायला दोन महिने बंदी घातली. म्हणजे संशय घेणाऱ्यांनाच गप्प केलं. नियमाप्रमाणे प्रस्ताव एस्माकडे गेला आणि एस्मानेही अनुकूल मत दिलं. जून 2020 मध्ये कंपनीच्या हिशेबात दाखवलेले 1.9 अब्ज युरो मुळात नसावेतच असं उघड झालं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्माने समकक्ष-परीक्षणात बाफिनच्या त्रुटींवर बोट ठेवलं. अर्थ मंत्रालयापासूनचं अंतर आणि कर्मचाऱ्यांकडचे वायरकार्डचे शेअर, दोन्ही त्यात आलं. परीक्षण परखड होतं. पण बंदीच्या वेळी सहकार्यात काहीच कमी नव्हती, ही गोष्ट मला जास्त खुपते. सगळं रीतसर झालं आणि एका नियामकाची चूक युरोपीय मोहोर लागून बाहेर पडली. एकवाक्यता चुकीचीही होऊ शकते, हे आराखडा आखणाऱ्यांच्या हिशेबात फारसं नव्हतं.

आता तोच प्रश्न क्रिप्टोच्या रूपाने पुन्हा उभा आहे. पासपोर्ट तोच, फक्त परवान्याची रांग माल्टाच्या दारात. जुलै 2025 च्या परीक्षणात एस्माला तिथे एका कंपनीला महत्त्वाचे मुद्दे न सुटताच परवाना दिल्याचं आढळलं. सप्टेंबरमध्ये फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रियाच्या नियामकांनी मोठ्या क्रिप्टो कंपन्या थेट एस्माच्या देखरेखीखाली आणण्याची मागणी केली. माल्टाचा त्याला विरोध आहे. आणि एस्माच्या पर्यवेक्षक मंडळात मत देतात ते राष्ट्रीय नियामकांचे प्रमुखच.