पाण्याचा पहिला हक्क कुणाचा?

पाण्याने आजार बरा करायचा, ही कल्पना धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला जरा चमत्कारिक वाटते. तरीही सांधेदुखी आणि पोटाच्या तक्रारींवर इलाज म्हणून आम्ही काही जण पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला जाऊन आलो. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरचे हे गाव निसर्गोपचार आश्रमामुळे सर्वांना माहीत आहे. कटिस्नान, ओल्या पट्ट्या, पोटावर मातीचा लेप असे उपचार तिथे होतात.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी इथे येऊन राहिले. गरिबांसाठी असे केंद्र पुण्यात काढण्याचा विचार आधी होता. पण गरीब राहतो खेड्यात. मग दवाखाना शहरात कशासाठी, म्हणून त्यांनी उरुळी निवडली. पुढचे काम मणिभाई देसाईंवर सोपवले. माती, पाणी, ऊन, हवा विकत घ्यावी लागत नाहीत, म्हणून हा गरिबाचा इलाज, अशी त्यामागची धारणा.

ही धारणा आमच्याकडे येऊन अडखळते. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमधल्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आले. आमच्या गावांतही टँकरपुढे घागरींच्या रांगा होत्या. अशा मुलखात टबभर पाण्यात बसणे हा इलाज की चैन?

शरीअतने याचा विचार केलेला आहे. पाणी नसेल, आजारात ते अपाय करणारे असेल किंवा जवळचे थोडे पाणी तहानेसाठी राखावे लागत असेल, तर वुजूऐवजी तयम्मुमची मुभा आहे. तहान माणसाची असो की जनावराची. नमाजासाठीची पाकीसुद्धा तहानेला वाट करून देते आणि मातीवर भागवते.

मग क्रम स्पष्ट होतो. आधी तहान, मग आजार, त्यानंतर इतर गरजा. आजाऱ्याच्या टबाकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण त्याच दुष्काळी मुलखात पाटाने पाणी पिणारा ऊस उभा असतो, त्याचे काय? आणि आपल्या मशिदीत वुजूच्या वेळी नळ सोडून गप्पा मारणारे आपण? वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी उधळू नये, अशी हदीसची शिकवण आहे.

उरुळीत गांधीजींनी गरिबाच्या दारी दवाखाना नेला. आपण निदान वुजूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात मुरवावे. एवढे काम तर प्रत्येक मोहल्ल्याच्या हातचे आहे.